पडद्यांच्या गिरणीतली परकी मेमरी

फॉल रिव्हर,
एप्रिल १९९२

प्रिय गिलदादा,

तुला आणि वहिनीला तुझ्या मावसबहिणीचा, कॉनीचा, मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? न्यू बेडफर्डच्या धक्क्यावरचा गारठा त्याला सोसत नाही, तेव्हा मासे बघायला जाताना घरातली चप्पल घालून जाऊ नकोस. तुझी मावशी ठणठणीत आहे. परवा डॉक्टरांनी तिला मीठ कमी करायला सांगितलं, तर तिनं उलट त्यांनाच लग्न करायचा सल्ला दिला.

गिरणी बंद झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. गेल्या आठवड्यात आमचा मिनीकॉम्प्युटरही भंगारवाल्यांनी नेला. (मिनी म्हणे! दोन कपाटांएवढा होता, आणि उन्हाळ्यात गिरणीभर गार हवा फक्त त्याच्याच खोलीत असायची.) तो गाडीत चढताना मला तू आठवलास. मोहरीच्या रंगाचा सूट घालून तू पेल्टियरसाहेबांसमोर बसला होतास आणि सांगत होतास की कॉम्प्युटरची जादा मेमरी तो बनवणाऱ्या मूळ कंपनीकडूनच घ्यायची म्हणजे पाणी नदीच्या मालकाकडूनच विकत घ्यायचं. तुझ्या कंपनीचं मेमरीचं कार्ड त्याच खोबणीत बसेल, तेच काम करेल आणि निम्म्या पैशात. चहाची पुडी दोनदा बुडवणारा माणूस तो, भाळला! तू हात मिळवलास, गाडीत बसलास आणि गेलास. पुढे आमचं काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज न विचारता सांगते.

मूळ कंपनीचा दुरुस्तीवाला होता आयनार लिंडक्विस्ट, वूस्टरचा स्वीडिश. इतका उंच की प्रत्येक दाराला नमस्कार करूनच आत यायचा, आणि बोलणं असं की शब्दाला जकात पडते की काय! त्याच्या कंपनीचा नियम असा की मशीनमध्ये परकं कार्ड दिसलं तर जे बिघडेल ते त्या कार्डामुळेच, आणि ते असेपर्यंत कंपनी हात लावणार नाही. तुमच्या कंपनीला फोन करावा तर ते म्हणत, दोष मशीनचा. (दोन विहिणींच्या रुसव्यात नवरी उपाशी!) पेल्टियरसाहेब मला म्हणाले, "कार्ड तुझ्या भावाचं, तेव्हा दुरुस्तीचा करार तुटला तर जाईल ती नोकरी तुझी." मग काय, आयनार यायचा असला की मी मशीन बंद करून कार्ड उपसायची आणि लपवायची. कधी जाळीच्या पडद्यांच्या गठ्ठ्यात, कधी साहेबांच्या खणात, एकदा तर माझ्याच कोटाच्या अस्तरात. त्या दिवशी मी दिवसभर ताठ चालले आणि सगळ्यांना वाटलं, कॉनीला भाव चढलाय.

एका वर्षी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पगाराची छपाई अर्ध्यावर आली आणि मशीन बंद पडलं. बाहेर शिवणकाम खात्यातल्या बायका पाकिटांसाठी उभ्या. फोन केला, तर आयनार नेमका शेजारच्याच गावात होता! कार्ड उपसलं आणि जिन्यात त्याचे बूट वाजले. समोर फ्रिज होता. माझ्या केलच्या पालेभाजीच्या सुपाच्या पातेल्यावर कार्ड आडवं ठेवलं आणि दार लावलं. त्यानं मशीन उघडलं, पंख्यात अडकलेला पडद्यांच्या धाग्यांचा बोळा ओढून काढला, आणि मशीन सुरू. आनंदाच्या भरात मी मूर्खासारखी कॉफी विचारली. कप भरतेय तोवर हा दूध घ्यायला फ्रिजकडे.

दादा, कार्ड तिथंच होतं! त्यानं दार उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, आणि हळूच लावलं.

"दूध नासलंय, कॉनी," तो म्हणाला. (दूध सकाळीच आणलेलं.) मग काळी कॉफी तोंड वाकडं करत प्यायला आणि निघताना दारात वाकून म्हणाला, "गारठ्यातून काढलेली वस्तू लगेच जोडू नये. दव धरतं. जरा बाहेर राहू दे."

"कुठली वस्तू?"

"सूप."

त्यानंतर तो नेहमी आधी फाटकावरून फोन करायचा, "मी खाली आहे, घाई नाही." आणि गिरणी बंद होईपर्यंत माझ्याकडे काळीच कॉफी पीत राहिला. गेल्या आठवड्यात भंगाराची गाडी आली तेव्हा बोलावलं नसताना आला. टोपी हातात घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला, गाडी वळेपर्यंत.

असो. वहिनीला आणि मुलांना आठवण सांग.

तुझी,
कॉनी

ता. क. एक काम होतं. त्या दिवशी गाडी वळल्यावर आयनारनं मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. आईला सांगायचं आहे. माणूस ना आपली माणसं जिथून आली त्या बेटांवरचा, ना आपल्या चर्चचा. ती तुझं ऐकते. रविवारी प्रार्थनेनंतर येशील? येताना मासे आण. रिकाम्या हाताच्या माणसाला ती दार उघडते, पण ऐकत नाही.

ता. क. दुसरा. आईला इंग्रजी वाचता येत नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. आत्ता ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. म्हणाली, "गिल बोलायला लागला की नको असलेलंही घ्यावंसं वाटतं. त्याची गरज नाही. त्या उंच माणसालाच पाठव, मी बघते." मासे मात्र तूच आणायचे आहेत.