खळ लावलेलं सुकाणू

वच्छला,

चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं आहे. मी अंबाझरी तलावाकडे धावतो आहे. तूही घरात न टेकता रिक्षा करून ये. येताना विहिरीचा दोर आण.

मनोहरनं घेतलेल्या त्या जुन्या शिडाच्या नावेचं सुकाणू मी ओसरीवर दुरुस्त करीत होतो. बिजागऱ्यांची भोकं झिजून रुंद झाली होती. मी पडलो कोष्ट्याच्या घरचा, त्यांत सूत ठासलं आणि वरून सुताला लावतात ती पिठाची खळ चोपडली. वाळल्यावर अगदी लोखंड! पाण्यात खळ सुटते, हे मला आंघोळ करताना आठवलं. बाहेर आलो तर सुकाणू नाही अन् मनोहरही नाही.

सकाळी त्यानं विचारलं होतं, "झालं काय, बाबा?" मी म्हटलं, "आता थेट लंकेले जा गा!"

ती थट्टा त्यानं खरी मानली. आता मी काठावरून बोंबललो, तर तो हसून हात हलवेल. चाळीस वर्षं मासिकांतून लोकांना हसवल्याचं हे फळ. तुझी हाक मात्र तो ऐकतो. त्याला पोहता येत नाही, आणि वारा वाढून राहिला आहे.

ही चिठ्ठीही थट्टा वाटली, तर दाराशी बघ वं. माझ्या चपला तिथंच आहेत.