घंटा वाजली की

प्रिय ताई,

शाळेची घंटा वाजली की तू प्रार्थनेच्या रांगेत कोसळायचीस आणि मी मैत्रिणींना सांगायचे, "नाटकी आहे आमची ताई!" पुढे एका पहाटे घड्याळाचा गजर वाजताच तू कायमची गेलीस, तेव्हाही कुणाला काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात फोन खणखणला आणि माझी नात तशीच पडली. शुद्धीवर येताच म्हणाली, "आजी, नाटक नव्हते गं करत." मी डॉक्टरांना तुझी घंटा सांगितली. त्यांनी आमचं रक्त तपासलं. अचानक आवाजाने हृदयाचे ठोके बिघडवणारा जनुकातला दोष तिच्यात, लेकीत, माझ्यातही निघाला. आता रोज गोळी घेतो. ताई, पोर तुझ्यामुळे वाचली.

रिपोर्टची प्रत तुझ्या मुलाला देते. त्यानेही तपासून घ्यावं. तुझी शाळेची रिबन नातीला. गजराचं घड्याळ मात्र कुणालाच नाही.

तुझी,
धाकटी