पाठ बोलणं जिथे थांबतं

माय, तू असतीस तर आज सगळ्यात आधी विचारलं असतंस, की एवढी म्हातारी झालीस तरी त्या यंत्रासमोर बसून करतेस तरी काय? तू हयात असताना मला ते सांगता आलं नाही. आज प्रयत्न करते, कारण सध्या ज्या कामात अडकले आहे ते तुझ्या दवाखान्यातल्या कामासारखंच आहे असं मला परवा अचानक वाटलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आम्ही संगणकाची एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा सांभाळतो. तिचा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषाच, लिहिलेली एक ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो, तेवढं काम करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. तीच ओळ हजारदा आली तर हजारदा नव्याने अर्थ लावतो, बिचारा. आता आम्ही त्याला जस्ट-इन-टाइम कंपायलेशन जोडतो आहोत. म्हणजे काम चालू असतानाच कोणती ओळ सारखी सारखी येते ते बघायचं, तिचं यंत्राच्या भाषेत एकदाच रूपांतर करून ठेवायचं आणि पुढच्या वेळी ते तयार रूपच चालवायचं.

तू हेच करायचीस ना? साठच्या दशकातली ती वर्षं. मी कॉलेजातून सुटीत घरी यायचे आणि तुझा डबा घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचे. डॉक्टर पुण्याकडचे, माणूस भला, पण मराठी अगदी छापील. समोरच्या बायांची अहिराणी त्यांना कळायची नाही आणि त्यांचं "भोजनोत्तर" बायांना. मध्ये तू, दोघांची दुभाषी. नवा आजार असला की तू एकेक वाक्य ऐकून, सावकाश उलटवून सांगायचीस. पण हिवतापाच्या दिवसांत डॉक्टरांनी क्विनीनची पुडी पुढे केली, की त्यांनी तोंड उघडायच्या आत तुझी गाडी सुटायची: "दोन गोया सकायले, दोन रातले, जेवन व्हयनं की पानीसंगे. कानमा गुनगुन व्हयी, घाबरानं नही." रांग झपाझप पुढे सरकायची. मला मोठी गंमत वाटायची.

फक्त त्याआधी तू प्रत्येकीला विचारायचीस, "रातले काय खादं वं, बहीन?" मला ते नुसतं अगत्य वाटायचं, पण गोळ्या उपाशीपोटी चालत नसत आणि तू पोटात अन्न जातंय ना ते बघत होतीस. आमच्या कामातही नेमकी अशी एक तपासणी असते. तयार रूप चालवण्याआधी बघायचं, की आपण जे गृहीत धरलं ते अजून खरं आहे ना. इतके दिवस इथे आकडाच यायचा, आजही आकडाच आहे ना? माझ्याबरोबरचा हुशार मुलगा म्हणतो, "मॅडम, चुकीचं कधीतरीच येतं, ही तपासणी काढून टाकू, आणखी पळेल." उद्या मला हो किंवा नाही सांगायचं आहे. हो म्हटलं आणि चुकलो, तर यंत्र अडणार नाही. बेधडक चुकीचं उत्तर देईल आणि लोक ते खरं मानतील.

म्हणून तो बाजाराचा दिवस आठवतोय. बाहेर ही गर्दी, आणि धानोऱ्याकडून आलेली एक तरुण बाई समोर उभी. तुझ्या प्रश्नाला ती "भाकर" म्हणाली. पुडी तिच्या हातात देऊन तू सुरू झालीस. "जेवन व्हयनं की" इथे पोहोचलीस आणि ती हळूच म्हणाली, "मावशी, खादेलं टिकत नही. भाकरीना वास उना तरी उलटी व्हस."

"तापना आधीपासून?"

"हा."

तू तिथेच थांबलीस. तिच्या मुठीतून पुडी काढून घेतलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "साहेब, हिचं वेगळं दिसतंय. तुम्ही विचारा, मी सांगते."

"बाई, बाहेर रांग बघा!"

"रांग थांबेल, साहेब."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग एकेक प्रश्न, एकेक उत्तर, पहिल्यासारखं सावकाश. तिला दिवस गेले होते आणि तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून डॉक्टरांनी त्या कडू गोळ्या परत घेतल्या आणि दुसरं औषध लिहिलं.

संध्याकाळी तू पीठ मळत होतीस तेव्हा मी विचारलं, तुला कसं समजलं? तू हसलीस. "माले काय समजनं? काहीच नही. मन्हं पाठ बोलनं तठे बसनं नही, इतलंच."

एवढंच तर हवं असतं, माय. काय बिनसलं हे त्या तपासणीला कळावं लागत नाही. थांबायचं आणि जिथे तुटलं तिथून सावकाश वाटेने पुढे जायचं, एवढंच. उद्या मी नाही म्हणणार आहे. थोडं हळू पळेल, पळू दे.

हे पत्र कुठे पाठवणार, टेबलावरच राहील. तुझं थांबणं मी इतकी वर्षं जपून ठेवलं, ते कसं घडलं याचं मला केवढं कुतूहल. पण त्या बाईचं आणि तिच्या बाळाचं पुढे काय झालं, हे मी तुला कधी विचारलंच नाही.