गंगम्माचं वय भरंना

नायगाव,
८ एप्रिल २०२५

चि. मल्लम्मास,
गंगाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी गुडघ्याची वाटी बदलायला सांगितलंय. सत्तरीपुढच्यांना सरकार फुकट उपचाराचं कार्ड देतं, म्हणून लेकाला, भागवतला, घेऊन शिबिरात गेले. तिथला पोरगा आधार बघून म्हणाला, आजी, तुमचं वय भरंना. सारं शिबिर हसलं, मीही हसले.

आप्पांनी आपल्याला एकाच दिवशी शाळेत घातलं, आठवतं? गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. तू धाकटी, पण उंच. तुझा हात पुरला, माझा पुरेना. गुरुजींनी तुला मोठी लिहिलं, मला धाकटी, आणि दोघींचा जन्म एक जूनचा. आता कार्ड तुला, गुडघा मला. खासगीत करायचं तर भागवतला केळीची बाग विकावी लागेल. ते मी होऊ देणार नाही.

बहिणीवर लोभ असू दे, कार्ड नसलं तरी.
गंगाअक्का


लातूर,
१७ एप्रिल २०२५

चि. गंगास,
मल्लम्माचे अनेक आशीर्वाद.

तुला ‘सा. न. वि. वि.’ असं मी आता लिहिणार नाही. सरकारी हिशोबानं मी मोठी, तेव्हा यापुढं अक्का मला म्हणायचं. हे वाचून सूनबाई पोट धरून हसली.

कार्डाचंही फार कौतुक नको. दवाखान्यात भरती झालं तरच ते चालतं, बीपीच्या गोळ्या मी अजून पदरच्या पैशानंच घेते. शिवाय दवाखाना यादीतला लागतो. शेजारच्या वीरण्णांना जवळच्या दवाखान्यानं तसंच परत पाठवलं होतं. पण यादीतल्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन फुकट झालं आणि आता सकाळी फिरताना ते मला मागं टाकतात.

माझं कार्ड तुला चालणार नाही, आणि असली लबाडी आप्पांना खपली नसती. एक जूनला तू कागदावर सत्तरीची होतेस. तोवर दम धर, जिना चढू नकोस. इथल्या यादीतल्या दवाखान्यात मी विचारून आलेय, वाटी कार्डावर बदलून देतात. केक मी आणीन.

धाकटीवर माझी माया आहेच, तुझीही राहू दे.
मल्लम्माअक्का


नायगाव,
२० जुलै २०२५

ती. मल्लम्माअक्कास,

वाटी छान बसली. काल काठी टेकत केळीच्या बागेपर्यंत गेले. आये, हळू चाल, म्हणत भागवत मागं मागं. केकवरचा सत्तरचा आकडा मी सगळ्यात आधी खाल्ला, हे गावभर सांगून झालंय.

एक सांगायचं राहिलं. वॉर्डातल्या सिस्टरनं मोठी बहीण कोण विचारलं, तेव्हा तू चटकन मी म्हणालीस. मला हसू आलं. मग तू मला दोन्ही हातांनी धरलंस आणि टाक पाऊल, मी आहे, म्हणालीस, तेव्हा मात्र रडू आलं. तुला चालायला मी शिकवलं होतं, मल्लू. मला तू शिकवलंस.

म्हणून आज पहिल्यांदा तुला सा. न. लिहिते. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलीय, तेव्हा हा साष्टांग नमस्कार उभ्यानंच मानून घे.

तुझी धाकटी,
गंगा