आजीने चमचा उचलेपर्यंत

प्रिय ताईस, धाकट्या माल्सुनचा नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? तुझ्या किबोमची होडी दुरुस्त झाली का?

मी सोलमध्ये मजेत आहे. फरशी उबदार असते, किमची भरपूर आहे. तेग्यू आणि सूनबाई कामावरून जेवूनच येतात.

मालिका बघणाऱ्या बायकांना मी रिकामटेकड्या म्हणायचे ना? आता एका मालिकेतल्या घराने मलाच वेड लावलंय. आपल्या रीतीप्रमाणे त्यांची आजी चमचा उचलेपर्यंत, भात निवला तरी, मी जेवायला सुरुवात करत नाही.

परवा तेग्यूने पाहिलं. हसून म्हणाला, "आई, ती म्हातारी तुझी कोण लागते गं?"

म्हटलं, "सोबत जेवते."

रविवारी मालिका संपतेय. ताई, चार दिवस तरी ये. मोठी तू, चमचा आधी तू उचल. कधी येतेस ते लगेच लिही.

तुझी,
माल्सुन