एकशे सदतीस सेंटिमीटर

५ मार्च, गुरुवार

झालं एकदाचं! आठच्या ठोक्याला तिकिटं उघडली, आठ वाजून तीन मिनिटांनी बर्थ हातात. ४ मेची रात्र, जळगाव ते कल्याण. साठ दिवस आधी! हे शेजारी बसून चहा पीत होते. हे मूळचे धुळ्याचे, चिडवायचं असलं की अहिराणीत येतात — "बठ्ठं लिखेल शे, जानं कव्हय शे?" म्हणजे सगळं लिहून झालंय, जायचं कधी!

हसू देत. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर मीच लेकीला, रूपाला, शब्द दिलाय — पाचवीची परीक्षा झाली की राइड्सच्या पार्कात नेईन, आणि त्या मोठ्या उलट्यापालट्या गाडीत तुझ्याशेजारी मी बसेन. यांचा काही उपयोग नाही. यांना धुळ्याच्या एसटीतही मळमळतं.

९ मार्च

यादी फ्रीजवर लावली. नायलॉनचे कपडे (पाण्यात सुती चालत नाहीत), ओळखपत्रं, उलटीच्या गोळ्या यांच्यासाठी. कळण्याची भाकरी फक्त गेटपर्यंत, आत नेऊ देत नाहीत. दुपारी म्हणे तासतासभर रांग, म्हणून आधी मोठी गाडी, मग पाणी.

"आपल्या लग्नाची यादी एवढी नव्हती," इति हे.

१४ मार्च

आज नियम नीट वाचले. आधी वाचायला काय धाड भरली होती मला! मोठ्या गाडीसाठी उंची कमीत कमी १३७ सेंमी. मी आपली रूपाचा हिशेब करत बसले. मग एकदम लक्षात आलं — आणि माझी?

बारा वर्षं अंगणवाडीत पोरांच्या उंच्या घेते. स्वतःची घेतली नाही कधी. लग्नाच्या वेळी मामा सरळ "पाच फूट" सांगायचे. पाहुणे मला उभी बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. नऊ पाहुणे गेले असे.

१६ मार्च

बत्तीस पोरांची मापं झाली. त्यात नवल नेहमीसारखा गुडघे वाकवून उभा. दहा हातांवरून ओळखते मी. "गुडघे ताठ, नवलभाऊ!"

पोरं गेल्यावर मीच पट्टीखाली उभी राहिले. आमच्या मदतनीस लिलाबाई म्हणाल्या, "ताई, आता तुमची बी नोंद का?" त्यांनीच वाचलं. १३५.५. पुन्हा वाचा म्हटलं. पुन्हा तेच.

दीड सेंटिमीटर! बोटाच्या पेराएवढंही नाही.

२ एप्रिल

पार्कला फोन केला. मोठ्या माणसांनाही लागू आहे का हो? "मॅडम, मशीनला वय कळत नाही."

१९ एप्रिल, आखाजी

पाचोऱ्याला, माहेरी. निंबाला झोका. मी उभ्यानं इतका चढवला की वहिनी खालून ओरडायला लागल्या. रूपा टाळ्या पिटत होती — "आई, तू घाबरत नाहीस ना, म्हणून मला तूच पाहिजे!"

मग उतरल्यावर हळूच, "तुझी उंची किती गं?"

"आहे पुरेशी," म्हटलं आणि पन्हं आणायला पळाले. तिची तर कालच अंगणवाडीत घेतली. १३८. तिचा प्रश्नच नाही.

२७ एप्रिल

अंबाडा उंच बांधायचा. जाड तळाच्या चपला घेतल्या, तर हे म्हणे, "काढायला लावतात तिथं." यांना कळलंय की काय?

सकाळी माणूस थोडं उंच असतं, संध्याकाळपर्यंत दबतं. म्हणून गेट उघडताच पहिल्या रांगेत उभं राहायचं. मला परत पाठवलं तर पाठवू देत, पण तिच्यासमोर नको. पाहुण्यांसमोर सोसलं मी. पोरीसमोर नाही सोसवणार.

३ मे

बॅगा तिसऱ्यांदा भरल्या. झोप नाही.

६ मे, परतीच्या गाडीत

लिहूनच टाकते. सगळ्यांच्या आधी पोचलो. मोठ्या गाडीच्या दाराशी खांबाला १३७ वर आडवी दांडी. डोकं लागलं तर आत. तिथल्या कामावरच्या पोरानं चपला काढायला लावल्या. मग म्हणाला, "मॅडम, बाल खोलिए." अंबाडा सुटला. दांडी आणि डोकं यांच्यामध्ये उजेड दिसत असणार सगळ्यांना.

"सॉरी मॅडम."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी फरशीकडे बघत राहिले, मान वर होईना. तेवढ्यात रूपा स्वतःच दांडीखाली जाऊन उभी राहिली. तो पोरगा म्हणाला, "बेबी भी नहीं."

रूपानं माझा हात धरला. "चल आई, दोघी नापास!"

मग आम्ही लहान पोरांच्या नावेत पाच वेळा बसलो. केस तसेच मोकळे. किती हसली ती! आणि मला — लाज वाटते लिहायला — तिलाही घेतलं नाही याचं बरं वाटलं. कशी आई मी!

पण आता डोक्यात किडा वळवळतोय. मी तर १३८ मोजली होती. आमची पट्टीच चुकीची असेल तर? बत्तीस पोरांच्या बारा महिन्यांच्या नोंदी! सुपरवायझर मॅडमना काय सांगू?

८ मे

सुट्टी असूनही अंगणवाडी उघडली. आधी पट्टी टेपनं तपासली — बरोबर. मग रूपाला उभं केलं. १३८. पुन्हा १३८.

"टाचा भिंतीला, मान सरळ, गुडघे ताठ," मी सवयीनं म्हणत होते.

"आता ताठच आहेत गं, आई," ती म्हणाली.