निकमकाकूंचं मशीन

१ ऑक्टोबर २०११, शनिवार. राबिघ, सौदी अरेबिया

आज इमॅक्समध्ये, संगणकावरच्या माझ्या एडिटरमध्ये, मराठी नीट दिसलं! सकाळपासून वेलांट्या अक्षर सोडून शेजारी उभ्या होत्या आणि ‘दुसऱ्या’चा चुराडा होत होता. फॉन्ट बदलला, सुरुवातीच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, आणि ‘बिचाऱ्या’ अख्खी उभी राहिली. एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

निखिल प्लान्टवरून आला तर त्याला आधी ते दाखवलं. म्हणाला, “एवढा खटाटोप एका शब्दासाठी?” म्हटलं, हा एडिटर आपल्याला हवा तसा बदलता येतो. रंग, अक्षर, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, सगळं. “म्हणजे तू भिंतीतले खिळे स्वतः ठोकतेस तसं.” हो, तसंच.

बाबांचा फोन. घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे त्यांचा प्रश्न ठरलेला : “काम मिळालं का गं?” इकाम्यावर, म्हणजे निखिलची बायको म्हणून मिळालेल्या इथल्या राहण्याच्या परवान्यावर, ‘काम करण्यास परवानगी नाही’ असं छापलेलंच आहे. ते बाबांना सांगवत नाही. गवंडीकाम करून शिकवलं त्यांनी. म्हटलं, काम करतेय. खोटं नव्हतं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

समोरच्या व्हिलातल्या निकमकाकू आल्या होत्या. नाशिकच्या. काका रिफायनरीत मोठे मेकॅनिकल इंजिनिअर, डिसेंबरात निवृत्त, मग कायमचे परत.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. मान वाकडी करून बघतात. “कोंबडीसारखी बघते मी आता,” त्याच म्हणाल्या आणि त्याच हसल्या. जेद्दाचे डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवू.

चहा झाल्यावर हळूच : “शुभा, मला लिहायचंय. पेनाची ओळ दिसत नाही. तुझ्या त्या खोक्यावर होईल?”

काका लिहून घेतात ना? मीच विचारलं. काका खरंच फार तत्पर आहेत, औषधाची वेळसुद्धा चुकू देत नाहीत. काकू म्हणाल्या, “यांना सांगून लिहायचं तर काय लिहिणार? हवापाणी?”

मग पुढे, “बाकी काही नको. जाण्याआधी एकटीनं लिहिता आलं पाहिजे. तिकडे गेले की दीर, जावा, सुना, भरलं घर. तिथं कोण शिकवणार, आणि कोणाला विचारणार?”

हो म्हणाले. हे खरं काम.

६ ऑक्टोबर, गुरुवार

निखिलबरोबर कंपाउंडच्या बसने जेद्दा. काकूंसाठी मोठ्या अक्षरांचे देवनागरी स्टिकर शोधत होते. दुकानात शिरतो न शिरतो तोच अजान, नमाजासाठी शटर खाली. बाहेर पायरीवर बसून राहिलो, अबाया घामाने चिकटलेला. उघडल्यावर दुकानदार म्हणाला, “मराठी? भाभी, यहाँ अरबी ले लो, नहीं तो उर्दू.” निखिल अजून हसतोय.

स्टिकर नाहीत तर नाहीत. घरी येऊन ठरवलं, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवायचा. भारतातल्या सगळ्या भाषांना एकच मांडणी, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. किती न्याय्य विचार आहे हा! आदेशही शुद्ध मराठीत करते : जतन करा, उघडा, शोधा.

१० ऑक्टोबर, सोमवार

निखिलचा जुना लॅपटॉप काकूंना दिला. रंगावर दोन दिवस घालवले होते. बदामी पार्श्वभूमी, जांभळी अक्षरं, फार देखणं. काकू मान वाकडी करून : “काही लिहिलंय का इथं?”

सगळं उलटं केलं. काळी पाटी, पिवळी अक्षरं, एका ओळीत चारपाच शब्द मावतील एवढी मोठी. कर्सर जाड, न लुकलुकणारा. लिहायची ओळ कायम वरच्या बाजूला राहील असं केलं, कारण खाली बघितलं की ती डागात जाते.

“हां. आता दिसतंय, पाटीवर लिहिल्यासारखं.”

देखणेपणा गेला. पण दिसतं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

शिकवणी जमत नाहीये. मी सांगते, काकू, ‘क’ इथे. त्या हो म्हणतात, आणि हात लगेच भलतीकडे धावतात. पडद्यावर कचरा. मी परत पहिल्यापासून. आज जरा तोंड आवळूनच सांगत होते बहुतेक.

‘जतन करा’लाही हसल्या. “आम्ही काय ताम्रपट लिहितोय? सेव्ह म्हण की.” बदललं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मी मूर्ख.

आज काकूंनी हात मागे घेतले आणि म्हणाल्या, “मी बरोबर मारतेय. तुझं मशीन चुकतंय.” राग आला होता मला. पण घरी येऊन सगळा कचरा एकाखाली एक लावून बघितला. एका शब्दाला दर वेळी तोच कचरा. चुकणारं माणूस असं चुकत नाही.

परत गेले. विचारलं, तुम्ही आधी कशावर टाइप करायचात?

“नाशिकच्या दिवाणी कोर्टात. मराठी टाइपरायटर. लग्नानंतरही, इकडे येईपर्यंत. सांगितलं नव्हतं?”

नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ‘काकू’ म्हटल्यावर पुरणपोळीच्या पुढे माझं डोकं गेलंच नाही. मी, जी इकाम्यावरच्या त्या एका ओळीने अजून धुसफुसते.

म्हणजे त्यांना डोळे नकोच आहेत. त्यांना त्यांचा टाइपरायटर हवाय.

१७ ऑक्टोबर, सोमवार

टाइपरायटरची मांडणी उतरवून घ्यायला गेले. ‘ट’ कुठे?

“मला काय माहीत? बोटांना विचार.”

मग मी शब्द सांगत गेले, त्या मारत गेल्या, इमॅक्स प्रत्येक बटण टिपत गेला. माझे शब्द संपले. “थांब,” म्हणाल्या, आणि हात आपले आपण चालू झाले. काय मारलंत? “वादी व प्रतिवादी यांचे म्हणणे ऐकून व दाखल पुराव्याचा विचार करून. हे मी झोपेतही मारीन.” त्यात निम्मी अक्षरं सापडली!

मधल्या ओळीच्या दोन बटणांवरचे उंचवटे झिजलेत. काकूंनी कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दोन चिकटवल्या. बोटांना लागतात. काका बघून म्हणाले, “कीबोर्डला हळदीकुंकू?”

२२ ऑक्टोबर, शनिवार

रोज लिस्प, इमॅक्सची प्रोग्रॅमिंगची भाषा. टाइपरायटर कागदावर दिसतं त्या क्रमाने चालतो. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. संगणकाला ती अक्षरानंतर हवी. म्हणजे वेलांटी हातात धरून ठेवायची आणि अक्षर पूर्ण झालं की सोडायची. बरं, अक्षरंही निम्मी, काना मारला की पुरी. रफार उलटा, तो शेवटी मारतात आणि त्याने मागे उडी घ्यायची.

दुपारभर एक कंस जुळत नव्हता. भात लागला. निखिल : “वास छान येतोय, प्लान्टमध्ये असाच येतो.” दही घालून खाल्ला बिचाऱ्याने.

संध्याकाळी ‘स्थिती’ बरोबर उमटली. मी भलतीच सुखी आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार

काकू बसल्या. हात ठेवले टिकल्यांवर. आणि मग जो आवाज सुरू झाला! लॅपटॉपच्या त्या मऊ बटणांतून कोर्ट ऐकू आलं. ओळ संपली की डावा हात हवेत जाऊन टाइपरायटरची नसलेली गाडी ढकलतो. “गाडी कुठंय रे बाबा,” म्हणाल्या. मी सांगितलं, ओळ आपोआप मोडते. “बरं आहे, तेवढीच विश्रांती.”

पाच मिनिटांनी थांबल्या, मान वाकडी करून वाचलं, तोंडावर हात धरला. मी दुसरीकडे बघितलं.

“दुसऱ्यांची भांडणं टाइप केली गं सगळी वर्षं. स्वतःचं हे पहिलं.”

२६ ऑक्टोबर, बुधवार. लक्ष्मीपूजन

निकमांकडे मराठी मंडळी जमली होती. फटाके अर्थातच नाहीत, चकल्या भरपूर. काकांनी सगळ्यांसमोर लॅपटॉप मांडला. “करून दाखव ना गं!” काकूंनी वादी-प्रतिवादी झाडून टाकला. टाळ्या. कुणीतरी म्हणालं, वहिनी, आमच्यावर केस टाकू नका.

काका खुशीत : “आता आमची सौदीतली सगळी वर्षं लिहून काढायची. मी सांगतो, ही टाइप करेल.”

काकू म्हणाल्या, “बघू.”

आणि ताट पुढे करताना मला, कानाशी : “उद्या ये. एक बटण हवंय.”

२७ ऑक्टोबर, गुरुवार

बटण असं हवंय : काका खोलीत आले की सगळं गायब, पण लिहिणं चालू.

काका पाठीमागे उभे राहून मोठ्याने वाचतात. शब्द सुचवतात. परवा ‘कंटाळा’ खोडून ‘विश्रांती’ घालायला लावलं म्हणे. “वाईट नाहीत गं ते. आयुष्यभर दुसऱ्याचं मशीन दुरुस्त केलंय, दिसलं की हात जातोच.”

मी कालपर्यंत हेच करत होते, फक्त त्यांच्या बोटांबरोबर.

काम सोपं निघालं. सगळ्यात वरच्या रांगेतल्या पहिल्या बटणाला बांधलं : अक्षरांचा रंग पाटीसारखाच काळा. परत दाबलं की पिवळा. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. काकूंनी बटण दाबलं आणि टाइप करतच राहिल्या.

“स्क्रीन बंद पडला वाटतं?”

“नाही. सराव करतेय. तुम्ही बिस्किटं विसरलात.”

काका बिस्किटं आणायला गेले. हसू दाबताना मला ठसका लागला.

३ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट खटकली म्हणून धावत गेले. इमॅक्स प्रत्येक फाइलची जुनी प्रत शेजारी ठेवतो, नावापुढे छोटी नागमोडी खूण करून. आणि नुकत्या उघडलेल्या फाइलींची नावंही दाखवतो. हे बंद करायला हवं होतं, मीच विसरले. कुणीही उघडलं असतं.

काकूंना सगळं सांगितलं. प्रती पुसायच्या तर फोल्डर उघडणं आलं. “तू उघड,” म्हणाल्या, “पण नावं वाचू नकोस.” डोळे बारीक करून केलं. मीही कोंबडीच.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

ईदची सुट्टी संपली, रस्त्यावरच्या हाजींच्या बसेस कमी झाल्या. काकू आता मला बोलावत नाहीत. खिडकीतून दिसतं, सकाळी काका गेले की बसतात. हेच तर हवं होतं. तरी थोडं रिकामं वाटलं. लगेच स्वतःला दटावलं.

फावल्या वेळात ही टाइपरायटरची मांडणी नीट लिहून सगळ्यांसाठी नेटवर ठेवली. अशा किती बायकांची बोटं अजून तयार असतील! कोर्टात, तहसीलमध्ये, शाळांच्या ऑफिसात. लिहिण्याची सोय म्हणजे पाण्याची सोय. निखिल म्हणतो, भाषण छान झालं, आता जेवायला वाढ. मी म्हटलं, तू वाढ. वाढलं त्याने.

बाबांना सांगितलं, मी एक मशीन बनवलं. “कुठे बसवलं?” एका बाईंच्या घरी. “चालतं?” चालतं. “मग झालं की काम.” फार वेळ बरं वाटत राहिलं.

१४ डिसेंबर, बुधवार

निकम नाशिकला गेले. सामानाचे खोके काका मोजत होते. काकूंनी लॅपटॉप हातातल्या पिशवीत घेतला, वर शाल. गाडीत बसताना काका : “शुभा, हिचं ते मशीन बिघडलं तर मला फोनवर सांग, मी उघडून बघतो.”

काकू माझ्याकडे बघून, म्हणजे जरा बाजूला बघून, हसल्या.

बिघडलं तर? काका उघडणारच. प्रेमाने उघडणार.

२७ डिसेंबर, मंगळवार

दुपारी नाशिकहून फोन. काकूच.

“एक चुकतंय. रफार एक घर पुढे बसतोय. सगळीकडे नाही, काही शब्दांत.”

कुठल्या शब्दात?

“ते नाही सांगणार.”

मी हसले, त्याही हसल्या. पण नाही म्हणजे नाही.

फोन ठेवून वहीत शब्द काढायला बसले. जोडाक्षरावर रफार येतो ते : सामर्थ्य. ईर्ष्या. वर्ज्य. कर्त्या. यातला काकूंचा कुठला? ईर्ष्या असेल तर कोणाची? आणि हात थांबला. हे डोकावणंच झालं. वहीतलं पान फाडलं. एका शब्दासाठी नाही, सगळ्यांसाठी दुरुस्त करायचं. रफारने जितकी निम्मी अक्षरं वाटेत असतील तितकी ओलांडून मागे जायचं. मी एकावरच थांबवला होता. चार ओळींचं काम.

२८ डिसेंबर, बुधवार

आता त्या चार ओळी तिकडे पोहोचवायच्या कशा? मेल केली तर उघडणार काका, लॅपटॉप हातात घेणार काका.

शेवटी फोनच केला. काकू, इंग्लिश टाइपिंग येतं ना? “दोन्ही परीक्षा पास आहे मी.” मग सुरुवातीची फाइल उघडायला सांगितली आणि एकेक अक्षर सांगत गेले. कंस उघडा. “उघडला.” परत कंस. “किती कंस गं तुमच्यात!” मागे सुनांचे आवाज, कुकरची शिट्टी. काकांनी विचारलेलं ऐकू आलं, कोणाशी बोलतेस एवढं? काकूंनी गंभीरपणे सांगितलं, “शुभा स्वेटरची वीण सांगतेय. मध्ये बोलू नका, टाका सुटेल.”

शेवटचे कंस मोजून मिटवले. एडिटर बंद करून परत सुरू करा म्हटलं. केला. आता तो शब्द मारून बघा.

बटणांचा आवाज आला. थोडा, मग बंद. मग काहीच नाही. त्या वाचत असाव्यात, मान वाकडी करून.

बरोबर आलं का, काकू?

रिसीव्हर बाजूला ठेवलेला असावा. परत बटणं वाजायला लागली, आता भराभर, न थांबता. कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. थांबल्या नाहीत.

दुरुस्त झालं की नाही, कळलं नाही. अजून थोडं ऐकत राहिले असते. मग वाटलं, नको. हळूच फोन ठेवला.